ड्यूकचा कप्पा

आमच्या कपाटातला खालून दुसरा कप्पा माझा. घरात त्याला 'ड्यूकचा कप्पा' म्हणतात. पाहुणे आले की बायको हमखास सांगते, "माझ्या इंग्रज सासऱ्यांचं सामान आहे त्यात, हात लावू नका." हसा, माझी हरकत नाही. पण गेली एकवीस-बावीस वर्षं मी एकाच माणसाच्या संबंधातल्या वस्तू जमवतोय, आणि तो माणूस म्हणजे आर्थर वेलस्ली. पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा, तोच.

अकोल्यातल्या माणसाला हे खूळ कुठून लागलं, हे मला लग्नकार्यात इतक्यांदा विचारलं गेलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. शिवाय मध्यंतरी एक मोठी खरेदी करता करता मी थांबलो, त्यावरून घरात आणि फोनवर बरीच चर्चा झाली. कोणी म्हणालं घाबरलास, कोणी म्हणालं शहाणा झालास. दोन्ही खरं नाही. म्हणून हा प्रपंच.

माझं आजोळ तेल्हारा तालुक्यातलं. लहानपणी उन्हाळ्यात अकोटहून एसटीने पुढे जायचो. वाटेत आडगाव. तिथे गाडी थांबली की मामा उतरून विडी ओढायचे आणि मी खिडकीतून कपाशीची काढून झालेली काळी वावरं बघत बसायचो. त्या वावरांत काही घडलं असेल असं वाटावं असं तिथे काहीही नव्हतं. पुढे कॉलेजात एका इंग्रजी पुस्तकात 'अरगॉमची लढाई' वाचली. परीक्षेपुरती पाठही केली. हे अरगॉम म्हणजे आपलं आडगाव, हे कळायला मला आणखी सहा वर्षं लागली! नकाशावर बोट ठेवून बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८०३ साली इंग्रजांचं शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी युद्ध पेटलं. सप्टेंबरात असई झाली, ती जालन्याकडे. मग वेलस्ली वऱ्हाडात आला. नोव्हेंबरात त्याचा मुक्काम आपल्या अकोल्यातही पडला होता. २९ नोव्हेंबरला त्याची आणि कर्नल स्टीव्हन्सनची फौज एकत्र झाली. सकाळपासून चालून माणसं दमलेली होती आणि खरं तर त्या दिवशी लढायचा त्याचा विचार नव्हता. पण आडगाव-सिरसोलीच्या बाजूला मराठी फौज मांडून उभी असलेली दिसली. भोसल्यांचं पायदळ आणि तोफा रघुजी राजांचे भाऊ व्यंकोजी म्हणजे मन्याबापू यांच्या हाताखाली, बाजूला शिंद्यांचे घोडेस्वार.

लढाईला तोंड लागलं तेव्हा दुपारचे साडेचार झाले होते. आणि सुरुवातीलाच इंग्रजांची फजिती झाली. भोसल्यांच्या तोफांचा मारा सुरू होताच कंपनीच्या तीन देशी पलटणी मागे फिरून पळत सुटल्या. या त्याच पलटणी ज्या दोन महिन्यांपूर्वी असईला छातीचा कोट करून लढल्या होत्या. वेलस्ली स्वतः जवळच होता. त्याने आरडाओरडा न करता त्यांना गोळा केलं आणि पुन्हा जागेवर आणून उभं केलं. आपण नेमके तिथे नसतो तर तो दिवस हातचा गेला असता, असं त्यानेच नंतर पत्रात लिहिलंय. एलफिन्स्टन, म्हणजे पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला तो, तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि वेलस्लीबरोबर त्या मैदानावर होता. पुढे दोन हायलँडर पलटणींवर पारसिक पायदळाची एक तुकडी तुटून पडली आणि जवळजवळ पूर्ण कापली गेली. अंधार पडता पडता मराठी फौज फुटली, चांदण्यात पाठलाग झाला आणि ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ तारखेला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं ते निजामाकडे. १८५३ साली निजामाकडून ते इंग्रजांच्या कारभारात आलं. आमच्या पणजोबांच्या कागदांवर कोणाचा शिक्का असणार, हे त्या एका संध्याकाळी मामांच्या वावरापासून थोड्याच अंतरावर ठरलं. मग सांगा, नाद लागणार नाही तर काय होणार?

तर मी जमवायला लागलो. सुरुवात एका सुट्या पुस्तकाने झाली. कर्नल गरवूडने वेलिंग्टनच्या पत्रांचे जे खंड छापले त्यातला एक खंड मला मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर मिळाला, वाळवीने खाल्लेला. मग दोन तांब्याची टोकनं. स्पेनमधल्या युद्धाच्या काळात इंग्लंडात सुट्ट्या पैशांची टंचाई होती, तेव्हा व्यापारी लोक स्वतःच तांब्याची नाणी पाडत. त्यावर वेलिंग्टनचा चेहरा असे. मग कान तुटलेला एक चिनीमातीचा जग, त्यावरही साहेबांचं नाक. त्यांचं नाक एवढं प्रसिद्ध आहे की नाव पुसलं तरी ओळखू येतं. काही जुनी छापील चित्रं. असईवरची निघतात, गाविलगडाची निघतात, आडगावचं चित्र शोधता शोधता मात्र दात पडायची वेळ येते.

एकदा फसलोही. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून, नाव घेत नाही, 'अस्सल' म्हणून एक बिल्ला मागवला. तो आला तेव्हा माझ्या मुलानेच तो चुंबकाला चिकटवून दाखवला. चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे ज्ञान मला महाग पडलं.

या छंदाचं शिखर म्हणजे 'आर्मी ऑफ इंडिया मेडल'. हे चांदीचं पदक. १८०३ ते १८२६ च्या हिंदुस्थानातल्या लढायांसाठी दिलेलं, पण मंजूर झालं १८५१ साली. म्हणजे आडगावला लढलेल्या माणसाला अठ्ठेचाळीस वर्षांनी! वॉटर्लूच्या शिपायांना वर्षभरात पदक मिळालं होतं आणि यांना केस पिकल्यावर. तेही जिवंत असाल आणि अर्ज कराल तर. खर्च ईस्ट इंडिया कंपनीचा. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला बसलेली विजयदेवता, जवळ ताडाचं झाड आणि खाली एक कमळ. फिकट निळी फीत आणि फितीवर लढाईच्या नावाची चांदीची पट्टी. कडेवर त्या माणसाचं नाव ठोकलेलं असतं. त्यामुळे जमवणारे नुसतं पदक जमवत नाहीत, माणूस जमवतात. तो कोण होता, कुठल्या पलटणीत होता, कुठे मेला. आणि वेडाचा कळस असा की पदकावर '१७९९-१८२६' असं जे लिहिलंय, त्यातली मधली रेघ आखूड की लांब यावरूनही भेद केला जातो. यादीत छापतात, 'आखूड रेघवाला छाप'. दोनशे वर्षांपूर्वी रक्त सांडलं आणि आपण रेघ मोजतोय. पण मीही मोजलीय, तेव्हा कोणत्या तोंडाने बोलणार.

लंडनच्या एका लिलावात असं पदक आलं. दोन पट्ट्या, 'अरगॉम' आणि 'गाविलघर'. पहिल्यांदाच माझ्या आवाक्याच्या जवळ आलं होतं. निवृत्तीचे पैसे बँकेत होते. मी नाव नोंदवलं. वरची मर्यादा किती ठेवली होती ते इथे लिहीत नाही, घरातले वाचतात.

आदल्या संध्याकाळी बाबा अंगणात खाटेवर बसले होते. वय शहाऐंशी. मी लॅपटॉपवर त्यांना पदकाचा फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं.

"चांदी हाय का?"

"हो."

"गाविलगड घेतला त्यायचा बिल्ला हा?"

"हो बाबा."

"आन् ज्यायनं गड सांभायला, त्यायचं काय हाय तुह्यापाशी?"

मी काहीतरी उत्तर दिलं. त्यांचं काही मिळत नाही, बाजारात येत नाही, वगैरे. बाबांनी चष्मा खाली केला आणि म्हणाले, "मिळत नाई तं मिळत नाई. पण शोधलं का कधी, ते इचारून रायलो मी."

शोधलं नव्हतं. बावीस वर्षांत एकदाही नाही.

गाविलगडाचा किल्लेदार बेनीसिंग. राजपूत माणूस. स्टीव्हन्सनच्या लोकांनी एलिचपूरहून डोंगराला वळसा घालून अवजड तोफा माणसांच्या खांद्या-हातांनी ओढत लबाड्याच्या बाजूला, म्हणजे उत्तरेला आणल्या. बाहेरची भिंत फोडली. आतल्या किल्ल्याच्या भिंतीवर कॅप्टन कॅम्पबेलच्या माणसांनी शिड्या लावल्या आणि आतून दरवाजा उघडला. बेनीसिंग आपल्या लोकांबरोबर लढत तिथेच मेला. कॅम्पबेलच्या पलटणीचं नाव, क्रमांक, कुठली तुकडी, सगळं मला झोपेत विचारा. हल्ला करणारा कर्नल केनी जखमी होऊन मेला, हेही. आणि बेनीसिंग? कुठला राहणारा, बापाचं नाव काय, किती वर्षं किल्लेदार होता, मागे कोणी उरलं का... माझ्या कप्प्यात शून्य.

आडगावचंही तेच. इंग्रजांचे मेलेले ४६, जखमी ३०८, बेपत्ता ५. शेवटच्या माणसापर्यंत हिशेब. आपल्या बाजूचे? पुस्तकातून पुस्तकात 'पाच हजार' असा गोल आकडा फिरतो. मेलेले-जखमी सगळे धरून. ज्वारीच्या पोत्यांचा अंदाज सांगावा तसा.

वस्तू जमवण्याचा दोष हा की जे शिल्लक राहिलं तेच आपल्याला दिसतं, आणि शिल्लक त्यांचंच राहतं ज्यांनी जपायची व्यवस्था केली. वेलस्लीला दख्खनमधल्या अधिकाऱ्यांनी चांदीची भांडी भेट दिली, ती लंडनच्या ॲप्सली हाउसमध्ये आजही आहेत. १८०४ साली 'नाइट ऑफ द बाथ' मिळालं, तेही याच मोहिमेबद्दल. अहो, माणसांचं सोडा, नेपोलियनच्या मारेंगो घोड्याचा सांगाडा लंडनच्या म्युझियममध्ये उभा आहे आणि त्याच्या एका खुराची तपकिरीची डबी केली आहे! घोड्याचा खूरसुद्धा जपला गेला. मी इतकी वर्षं एका माणसाचं सामान जमवत गेलो आणि नकळत त्याच्याच तंबूत बसून लढाई बघायला लागलो. 'आपण' त्या पलटणी गोळा केल्या, 'आपण' शिड्या लावल्या. एकदा मुलाने विचारलं होतं, "बाबा, यात आपले कोण?" तेव्हा मी त्याला इतिहासात असं बघू नये म्हणून भाषण दिलं होतं. प्रश्न चांगला होता हो. भाषण फालतू होतं.

आणि गंमत म्हणजे 'आपले' कोण हेही सोपं नाहीच. पळालेल्या आणि परत फिरलेल्या त्या तीन पलटणी मद्रासकडच्या देशी माणसांच्याच होत्या. भोसल्यांकडून मेले त्यात पारसिक होते, राजपूत होते. देशी शिपायांची पदकं मात्र फार थोडी बघायला मिळतात. अठ्ठेचाळीस वर्षं जगायचं, बातमी कळायची, अर्ज करायचा... कुठून मिळणार?

माझा धाकटा भाऊ म्हणतो, हे सगळं भंगारात घाल, गुलामीच्या खुणा आहेत. मला ते अजिबात पटत नाही. ज्याने आपल्याला हरवलं त्याच्या वस्तू, त्याची पत्रं आपण बघितलीच पाहिजेत. आडगावच्या संध्याकाळबद्दल तासातासाचं जे कळतं ते बहुतेक त्याच्याच कागदांतून. ती पत्रं फेकली तर आपल्या हातात पाच हजारांचा तो गोल आकडासुद्धा राहणार नाही.

दुसरी बाजू चुलतभावाची. तो म्हणाला, सरकारने रघुजी भोसल्यांची तलवार आणली, तसंच तूही एक पदक आण, मातीतली गोष्ट मातीत येईल. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात नागपूरच्या पहिल्या रघुजी राजांची तलवार निघाली. राज्य सरकारने ती मध्यस्थामार्फत ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. पातं युरोपात घडवलेलं आणि त्यावर देवनागरीत राजांचं नाव. ज्या रघुजींनी १७३८ साली गाविलगड घेतला त्यांची तलवार! टीव्हीवर बघताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. चांगलंच झालं, पैसेही मला जास्त वाटत नाहीत. पण 'वारसा परत आला' असं जे सगळीकडे म्हटलं गेलं ते मला खटकलं. तलवार परत आली. त्या तलवारीबरोबर कोण कोण चाललं, ते काही पेटीतून निघालं नाही. त्यासाठी कागद वाचावे लागतात. काशीराव गुप्त्यांची भोसल्यांची बखर आहे, या. मा. काळ्यांनी लिहिलेला वऱ्हाडचा इतिहास आहे. आमच्या ओळखीतल्या किती जणांनी उघडलाय? मी स्वतः काळ्यांचं पुस्तक घेतलं ते बाबांच्या त्या प्रश्नानंतर. म्हणजे ड्यूकच्या तुटक्या जगानंतर अठरा वर्षांनी.

तर लिलाव. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप उघडून बसलो. नंबर आला. बोली माझ्या मर्यादेच्या बऱ्याच खाली असताना मी एकदाही बटण दाबलं नाही. पदक गेलं. ज्याला गेलं त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, तो बहुधा माझ्याहून जास्त जपेल. मला एवढंच वाटलं की या पैशांतून आणि उरलेल्या वर्षांतून कपाटात आणखी एक पट्टी वाढवण्याऐवजी दुसरं काही करावं. सध्या गरवूडच्या त्या खंडातली १८०३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरची पत्रं मराठीत उतरवतोय आणि शेजारी बखरीतलं, काळ्यांचं काय जुळतं ते लिहितोय. झालं की छापून आडगाव-सिरसोलीच्या शाळांत द्यायचं आहे. (मामा, तुम्ही तपासून द्यायचं कबूल केलंय, विसरू नका.)

त्या निमित्ताने परवा आडगावला गेलो. तिथे एक म्हातारे शेतकरी भेटले, त्यांच्या गोठ्याच्या दाराला एक लोखंडी गोळा अडण म्हणून लावलेला. गंजून काळा-तांबडा झालेला, पण गोल. त्यांच्या आजोबांना नांगरताना सापडला होता म्हणे. माझ्यातला जुना माणूस लगेच जागा झाला. मी म्हटलं, "काका, दोन हजार देतो."

ते म्हणाले, "मंग दरवाज्याले काय लावू?"

काय बोलणार! तशीही जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी, असा १८७८ चा कायदा आहे आपल्याकडे, त्यामुळे मी खिशात पाकीट परत ठेवलं तेच बरं. मग कापसाच्या काट्यावर तो गोळा तोलून द्या म्हणून विनंती केली. भरला दोन किलो सहाशे. सहा पौंड म्हणजे दोन किलो सातशेच्या आसपास, दोनशे वर्षांच्या गंजात शंभर ग्रॅम गेले असतील. मी त्यांना सांगितलं, हा सहा पौंडी तोफेचा गोळा असावा, इथे अशी अशी लढाई झाली होती. ते लक्ष देऊन ऐकत होते. नातूही येऊन उभा राहिला.

"कोन्या पार्टीचा व्हय मंग हा?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, अशा तोफा दोन्ही बाजूंना असायच्या. नुसत्या वजनावरून नाही सांगता येत.

"बरं," म्हणाले, आणि नातवाला हाक मारून गोळा परत दाराला लावून घेतला. बैल आत यायची वेळ झाली होती.